एका वेळी एक छर्रा

सेमी-ऑटोमॅटिक शस्त्र मी आयुष्यात एकदाच मनसोक्त चालवलं आहे. ते पत्र्याचं होतं आणि त्यात लाल टिकल्यांचा रोल बसायचा. चाप ओढला की घोडा पडायचा, फट् व्हायचं आणि रोल आपला आपण एक घर पुढे सरकायचा. दर बाराला हाताने काही भरायला नको आणि एका ओढीला बार मात्र एकच, ही सेमी-ऑटोमॅटिकची तांत्रिक व्याख्या मला फार पुढे कळली. त्या हिशोबाने दिवाळीच्या दिवसांत जुन्या पनवेलमधल्या लाइन आळीतली निम्मी पोरं सेमी-ऑटोमॅटिकधारी होती. आमच्या पनवेलच्या हवेत टिकल्या ओल धरायच्या, रोल मध्येच अडकायचा, मग आम्ही तो उपसून फरशीवर ठेवून दगडाने फोडायचो. निर्धोक, खात्रीचं आणि एका वेळी एक. नेमबाजीचा सगळा इतिहास याच दगडाच्या बाजूने उभा आहे हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर माझा आणि बाकीच्या अनेकांचा वेळ वाचला असता.

विषय पुन्हा निघाला तो भाच्यामुळे. भाचा टेक्सासात असतो. आठवडाभर कॉम्प्युटरसमोर बसतो आणि शनिवारी रेंजवर जातो. मला निवृत्तीनंतर काहीतरी नेमका छंद हवा आहे, हे माझ्या बहिणीने त्याच्या कानावर घातलं होतं. तिच्या डोक्यात बहुधा भजनी मंडळ होतं. भाच्याने व्हिडिओ कॉलवर सरळ रायफलच दाखवली.

“मामा, नेमबाजी सुरू कर. पहिली रायफल म्हणजे सेमी-ऑटो पॉइंट टू-टू. डोळे मिटून घे.”

नेमबाजीची खरेदी डोळे मिटून करायचा सल्ला मला तेव्हाही जरा विचित्र वाटला. पण भाचा रंगात आला होता. त्याच्याकडची रूगर टेन-ट्वेंटीटू हे मॉडेल १९६४ पासून बाजारात आहे. दहा गोळ्यांचं गोल मॅगझिन, जे पोटात असं बसतं की खालून दिसतही नाही. त्याच्या आधीची, १९६० ची मार्लिनची मॉडेल सिक्स्टी, तिच्यात गोळ्या नळीखालच्या नळीत एकीमागे एक उभ्या. गोळी पुढे सुटते, तिचा धक्का मागे येतो, त्याच धक्क्याने रिकामं काडतूस बाहेर उडतं आणि नवं आत बसतं. अमेरिकेत बापाने पोराला दिलेली पहिली रायफल बहुधा यांतलीच. भाच्याने दुकानात फॉर्म भरला, दुकानदाराने सरकारी यंत्रणेकडे चौकशी केली आणि दुपारच्या जेवणाआधी रायफल गाडीच्या डिकीत. मी ते ऐकताना महावितरणचं बिल दुसऱ्याच्या नावावरून स्वतःच्या नावावर करायला मला काय काय लागलं होतं ते आठवत होतो.

आता आमच्याकडे कोणतीही खरेदी अशी होत नाही. साधा मिक्सर घ्यायचा तरी दोन साडू आणि एक शेजारी यांचं मत घ्यावं लागतं, आणि शेवटी बायकोने आधीच ठरवलेला मिक्सर घरी येतो. मी वही काढली. एका पानावर टेन-ट्वेंटीटू, समोर मार्लिन. खाली गुण, दोष, किंमत, सुटे भाग कुठे मिळतील. ‘सुटे भाग’ या रकान्यात सवयीने ‘कळंबोली’ लिहिलं, कारण तिथे ट्रकचे मिळतात. मग वही घेऊन ओळखीच्या वकिलाकडे गेलो.

वकिलांनी वही शेवटपर्यंत वाचली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. भारतात बंदुकीचं सगळं १९५९ च्या शस्त्र कायद्याने चालतं आणि त्याचा तपशील २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. हे नियम जुलै २०१६ मध्ये आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात पनवेलची महानगरपालिका झाली, म्हणजे मालमत्ता कर आणि शस्त्र नियम आम्हाला एका हंगामात मिळाले. या नियमांच्या पहिल्या परिशिष्टात शस्त्रांची वर्गवारी आहे. सेमी-ऑटोमॅटिक बंदुका तिथे अगदी वर, निषिद्ध आणि निर्बंधित मंडळींच्या पंगतीला. सर्वसामान्य अर्जदाराने ते पान उघडून नमस्कार करावा आणि पुढे जावं.

“पण मला कुणाला मारायचं नाहीये,” मी म्हणालो. “कागदावर मारायचंय.”

“कागदावर मारणाऱ्यांनाच फॉर्म भरायला लागतो,” वकील म्हणाले. “बाकीचे भरत नाहीत.”

त्यातल्या त्यात एक दिलासा मिळाला. आम्ही रायगड जिल्ह्यातले, त्यामुळे पुष्कळ कामांचा शेवट अलिबागच्या जिल्हाधिकारी कार्यालयात होतो. पण पनवेल नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत असल्याने बंदुकीचा परवाना आयुक्तांकडे. म्हणजे वडखळचा ट्रॅफिक टळला. बाकी काहीच टळत नव्हतं. ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, पोलीस पडताळणी, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, घरात सुरक्षित ठेवण्याची सोय आणि शरीराने व मनाने ठीक असल्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र. हे शेवटचं मी घरी वाचून दाखवलं तेव्हा बायको पोळी उलटत म्हणाली, “मग मिटला विषय.”

पॉइंट टू-टूची साधी बोल्ट अ‍ॅक्शन, म्हणजे दर गोळीला हाताने खिट्टी मागेपुढे करायची रायफल, खेळासाठी मिळू शकते. पण तिथेही वाट गमतीची आहे. परदेशी बनावटीची चांगली रायफल मागवण्याच्या सवलती ‘नामांकित नेमबाज’ म्हणून मान्यता असलेल्यांसाठी. ती मान्यता हवी तर राष्ट्रीय स्पर्धेत ठरावीक गुण मिळवा. आणि ते गुण मिळवायला चांगली रायफल लागते. मधल्या काळात क्लबची रायफल वापरायची, हा त्यावरचा अधिकृत तोडगा. तो फार शहाणपणाचा आहे हे मी आता मान्य करतो, तेव्हा मात्र मला त्यात भाच्यापुढे माझी मान खाली जाईल एवढंच दिसत होतं.

इथे एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. शस्त्र कायदा आणि पनवेल यांचं जुनं वाकडं आहे. लॉर्ड लिटनने शस्त्रबंदीचा मोठा कायदा आणला १८७८ मध्ये. दुसऱ्याच वर्षी, १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड पुकारलं, आणि फडके आमच्या तालुक्यातल्या शिरढोणचे. त्यांच्या नावाचं नाट्यगृह पनवेलमध्ये आहे आणि तिथे आम्ही विनोदी नाटकं पाहायला जातो. बायकोला मी हे ऐतिहासिक संदर्भासह सांगितलं, आवाज जरा चढवून. ती म्हणाली, “त्यांनी इंग्रजांविरुद्ध उचलली होती. तुम्ही कोणाविरुद्ध?” याला उत्तर नव्हतं. तालुका एक असला म्हणून सगळंच वारशाने येत नाही.

यानंतर खरा धक्का बसला तो कायद्याकडून नाही, खेळाकडून. ऑलिंपिकमध्ये रायफलचा असा एकही प्रकार नाही ज्यात सेमी-ऑटोमॅटिक लागते. रायफल म्हणजे एक गोळी भरा, एक मारा, पुन्हा भरा. आपोआप भरणारी शस्त्रं आहेत ती पिस्तुलात. पंचवीस मीटर रॅपिड फायरमध्ये पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या, आधी आठ सेकंदांत, मग सहा, मग चार. विजय कुमारने २०१२ ला लंडनमध्ये रौप्य मिळवलं ते त्यात. रायफलवाल्यांना कसली म्हणून घाईच नाही. कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, गुडघ्यावर बसून, मग पोटावर झोपून, मग उभं राहून. त्याची प्रत्येक गोळी हाताने भरलेली. हा गृहस्थ तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. तेव्हापासून मी पनवेल स्टेशनच्या जिन्यावरून उतरताना पास शर्टाच्या वरच्या खिशात ठेवतो. त्या खात्यातल्या माणसांची नजर कसली आहे याचा आता जागतिक पुरावा आहे.

भाच्याला मी हे कळवलं. “मग ते टार्गेट शूटिंग कसलं?” त्याचा प्रश्न. “दहा गोळ्या एकदम मारायची मजाच वेगळी.” मला ती मजा कळते. टिकल्यांच्या रोलची मजा तीच होती. पण दहातल्या नऊ कुठे गेल्या हे विचारलं की मजावाला माणूस लगेच हवामानावर बोलायला लागतो, हे मी पाहून ठेवलं आहे.

माझ्या या सगळ्या खटाटोपात एक विसंगती होती आणि ती मुलीने दाखवून दिली. मी टेक्सासची वही भरत बसलो होतो आणि नेमबाजी आमच्या उंबऱ्याशी होती. सुमा शिरूर यांच्या लक्ष्य शूटिंग क्लबची रेंज पनवेलच्या कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीतली. या बाईंनी २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत दहा मीटर एअर रायफलच्या प्राथमिक फेरीत चारशेपैकी चारशे गुण मिळवले. तेव्हा महिलांना चाळीस छर्रे असत. चाळीसच्या चाळीस दहावर. जागतिक विक्रमाशी बरोबरी करणारी ही कामगिरी, कारण चारशेच्या वर आकडाच नव्हता. त्याच वर्षी त्या अथेन्स ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या. पुढे त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या जयपूरच्या अवनी लेखराने टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये २४९.६ गुणांनी सुवर्ण घेतलं, पॅरिसला पुन्हा सुवर्ण. आमच्या गावात सराव करून माणसं जगात पहिली येतात, आणि आम्ही गावाबाहेरच्या लोकांना सांगतो काय, तर एक्स्प्रेस वे इथून सुरू होतो.

ही दहा मीटर एअर रायफल काय चीज आहे हे आधी समजून घ्यायला हवं, कारण शेवटी मी तिच्याच नादी लागलो. साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा, पुढून सपाट. सपाट असल्याने कागदाला छिद्र पडतं ते गोल आणि स्वच्छ, फाटत नाही. अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजन. तो ढकलते ती हवा. कार्डावरची सगळ्यांत बाहेरची रिंग साडेपंचेचाळीस मिलिमीटरची, आणि दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे खसखशीच्या दाण्याहून लहान. दहा मीटरवरून तो दिसत नाही. दिसतं ते एक काळं वर्तुळ, आणि त्याच्या मध्यावर ठिपका असणार अशी श्रद्धा ठेवायची. दुर्बीण लावायला बंदी. डोळ्याजवळ एक बारीक छिद्र, नळीच्या टोकाला एक कडी, त्या कडीत काळं वर्तुळ आणि सगळं एकात एक बरोबर मध्ये बसलं की सोडायचं. इतकं साधं आणि इतकं निर्दयी साधन मी दुसरं पाहिलं नाही.

आणि मुख्य म्हणजे साडेचार मिलिमीटरच्या आणि वीस ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या रायफलची ताकद तर त्याच्या निम्मीसुद्धा नसते. मनाच्या स्थैर्याचं प्रमाणपत्र लागत नाही हे कळल्यावर मी सगळ्यांत आधी घरी फोन केला.

रेंजवर गेलो. कुठली ते सांगत नाही, कारण माझ्यामुळे कुणाच्या नावाला बट्टा लागू नये. प्रशिक्षक मुलगी माझ्या मुलीपेक्षा लहान. मी वही उघडली. तीत आता नवी नावं होती. जर्मनीतल्या उल्म गावची वाल्थर, त्याच गावची आन्शुट्झ, आणि ओबर्नडॉर्फची फाइनवेर्कबाऊ. उल्म हे आइन्स्टाइनचंही जन्मगाव, तेही मी समासात लिहून ठेवलं होतं.

“काका, आधी रायफल घेऊ नका,” ती म्हणाली.

“मग काय घेऊ?”

“बूट.”

मला वाटलं थट्टा करते आहे. पण उभ्याने नेमबाजी करणाऱ्याचा पाया पायांत असतो. सपाट, कडक तळव्याचे बूट, त्यानंतर जाड कॅनव्हासचं जॅकेट, त्यानंतर तसलीच पँट, एक हातमोजा, आणि मग जमलं तर रायफल. जॅकेट इतकं ताठ की काढून जमिनीवर ठेवलं तर ते स्वतःच उभं राहतं. कंबरेला, पाठीला आधार मिळावा म्हणून हे चिलखत. पण आधार जास्तही मिळू नये म्हणून स्पर्धेत त्याची जाडी आणि ताठरपणा यंत्राने मोजतात. हा सगळा पोशाख थंड देशांत बसून कुणीतरी ठरवला आहे. मे महिन्यात पनवेलमध्ये ते जॅकेट घालून सव्वा तास उभं राहणं हा वेगळा क्रीडाप्रकार धरला पाहिजे, आणि त्यात आमचं पदक नक्की. माझं स्वतःचं मत विचाराल तर या कपड्यांचा अतिरेक झाला आहे. रायफलच्या खेळात शिंपी एवढा महत्त्वाचा असू नये. पण पावसाळ्यात त्याच जॅकेटला बुरशी येते तेव्हा ते घासायला लागतं आणि मत मांडायला फुरसत राहत नाही.

मग तिने डोळा पाहिला. दोन्ही तळवे पुढे करायचे, मध्ये छोटी खिडकी ठेवायची, तीतून समोरचा खांब पाहायचा आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने खांब जागेवर राहतो तो तुमचा मालक डोळा. माझा उजवा हात आणि मालक डोळा मात्र डावा. घरी येऊन हे सांगितलं तर बायकोने माझ्या खिडकीतून पाहिलं, सासूबाईंनी पाहिलं, मोलकरणीनेही पाहिलं आणि घरात फक्त माझाच डोळा वाकडा निघाला. “लग्नाआधी सांगायला हवं होतं,” सासूबाई म्हणाल्या. याला इलाज दोन. एक तर डावखुरी रायफल घेऊन सगळं उलटं शिकायचं. नाहीतर डाव्या डोळ्यासमोर पट्टी लावून त्याला गप्प बसवायचं. या वयात मी पट्टी निवडली. डावखुऱ्या रायफली आपल्याकडे मिळायला कठीण आणि पुढे विकायला त्याहून.

राहिला यंत्राचा प्रश्न. आपल्या गावातल्या बहुतेकांनी पाहिलेली एअरगन म्हणजे नळी मोडून स्प्रिंग ताणायची. जत्रेत फुगे फोडायला असते ती. तिची नेमाची कडी एका बाजूला वाकवलेली असते, आणि जत्रेतला माणूस तुम्ही फुगा फोडलात तर दचकतो. स्प्रिंगचा मोठा दोष असा की चाप ओढल्यावर आत जड दट्ट्या पुढे धावतो आणि छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच सगळी रायफल हलते. फाइनवेर्कबाऊने आपल्या थ्री हंड्रेड मालिकेत यावर अजब उपाय केला. सगळं यंत्रच रुळांवर बसवलं, धक्का बसला की ते दस्त्यावर मागे सरकतं, खांद्याला कळतही नाही. जुन्या नेमबाजांचे डोळे तिच्या आठवणीने अजून पाणावतात. आता मात्र जमाना सिलिंडरचा. नळीखाली हवेचा सिलिंडर, त्यात दोनशे बार दाब. गाडीच्या टायरात दोन-सव्वादोन बार असतो, हे लक्षात घेतलं म्हणजे मी पळस्प्याच्या पंपावरच्या मुलाला “दोनशे भर” का म्हणू शकलो नाही ते कळेल. रेंजवर पाणबुड्यांच्या टाकीसारखी मोठी टाकी असते, तिच्यातून भरतात. सिलिंडरची मुदत दहा वर्षं, ती त्याच्यावर कोरलेली. माझ्या गुडघ्यांवरही अशी तारीख कोरलेली असती तर बरं झालं असतं.

सिलिंडरवाल्या रायफलला धक्का जवळजवळ नाहीच, त्यामुळे चूक झाली तर ती नि:संशय आपली. मी यंत्राला दोष द्यायची सोय असलेली स्प्रिंगवाली घ्यावी असं मनाच्या एका कोपऱ्यातून सुचवून पाहिलं. प्रशिक्षक मुलीने मान हलवली.

चाप हा स्वतंत्र विषय आहे. स्पर्धेच्या रायफलचा चाप शंभर ग्रॅमच्या आसपासच्या दाबाने सुटतो. पहिल्यांदा मी बोट नुसतं टेकवलं आणि छर्रा छताच्या दिशेने नव्हे, सुदैवाने कार्डाच्या दिशेने गेला. “चाप दाबायचा नाही काका, सुटू द्यायचा.” आयुष्यभर रिमोटची बटणं जोर लावून दाबलेल्या माणसाला हे शिकवणं सोपं नाही. श्वास घ्या, सोडा, अर्ध्यात थांबा, दोन ठोक्यांच्या मधली शांतता शोधा. त्यासाठी चहा कमी करा, कारण चहाने ठोके वाढतात. इथे मी जवळजवळ खेळ सोडला होता.

उभं राहण्यात मात्र मला निसर्गाने हात दिला. डाव्या हाताचं कोपर कमरेच्या हाडावर टेकवून साडेपाच किलोपर्यंतची रायफल त्या खांबावर तोलायची असते. सडपातळ मुलांना ते हाड शोधावं लागतं, त्यासाठी कंबर वाकवावी लागते, पाठ दुखते. माझ्या कोपराला हाडापर्यंत जावंच लागत नाही. त्याच्या आधीच ऐसपैस बैठक मिळते. प्रशिक्षक मुलीने हे पाहिलं, काही क्षण विचार केला आणि म्हणाली, “नियमात बसतं.”

बाजूच्या लेनमध्ये सहावी-सातवीची एक मुलगी. साठ छर्ऱ्यांना पंच्याहत्तर मिनिटं असतात, ती दर छर्ऱ्याआधी रायफल उचलते, खाली ठेवते, पाणी पिते, पुन्हा उचलते. मी माझे साठ केव्हाच संपवून तिच्याकडे पाहत बसलो होतो. ती माझ्या पडद्याकडे पाहून म्हणाली, “आजोबा, तुम्ही मारायच्या आधी ठरवत नाही का?” काका नाही, आजोबा. आणि छर्ऱ्यांचा ग्रुप विखुरलेला. दोन्ही एकदम.

या खेळातलं मराठीपण मला आधी ठाऊक नव्हतं. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया १९५१ मध्ये स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर, आपले लोकसभेचे पहिले अध्यक्ष. कुटुंब मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंग्याचं, कर्मभूमी अहमदाबाद. राष्ट्रीय स्पर्धेची पायरी असलेली स्पर्धा आजही त्यांच्या नावाने भरते. शूटिंगवाली पोरं “मावळणकर क्लिअर झाली” असं म्हणतात तेव्हा त्यांना बहुधा लोकसभा आठवत नाही. मला मात्र त्या माणसाचं मन कळल्यासारखं वाटतं. रेंजवर एक जण ‘स्टॉप’ म्हणतो आणि सगळे हातातलं शस्त्र खाली ठेवून गप्प उभे राहतात. आठवडाभर सभागृह चालवणाऱ्याला याहून मोठं सुख कोणतं?

रायफल शेवटी मिळाली ती सेकंड हँड. या बाजाराचा एक नियम आहे, तो कुठल्या पुस्तकात नाही. नवी जर्मन रायफल लाखांत जाते, आणि आईवडील ती आठवीतल्या पोराला घेऊन देतात. दहावीत सराव निम्मा होतो. बारावीत रायफल कपाटावर चढते. मग जूनमध्ये पोरगा इंजिनिअरिंगला जातो आणि रायफल विकायला निघते, बरोबर जॅकेट, जे त्याला होत नाही आणि मला तर होणंच शक्य नाही. महाराष्ट्रातल्या सेकंड हँड नेमबाजीचा सगळा पुरवठा प्रवेश परीक्षांवर अवलंबून आहे. मला खारघरच्या एका कुटुंबाकडून लाकडी दस्त्याची रायफल मिळाली, सिलिंडरची मुदत अजून शिल्लक असलेली. पोराच्या आईने पेटी देताना दस्त्यावरून फडकं फिरवलं आणि मला विचारलं, “तुमचं पोरगं कितवीत?”

“मीच आहे,” मी म्हणालो.

आता ती घरी आणायची कशी हा प्रश्न उरला होता. कारण आमच्या सोसायटीत बातमी फुटली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या गॅलरीत कबुतरांनी संसार मांडला आहे. पाचव्या मजल्यावर एसीच्या यंत्रामागे त्यांची पिलं. एअर रायफल येते आहे म्हटल्यावर जिन्यात माझी लोकप्रियता इतकी वाढली की सेक्रेटरींनी माझ्या थकलेल्या मेंटेनन्सचा विषय काढायचा थांबवला. कुणी म्हणालं, “एकच मारा, बाकीची समजून जातील.” कुणी कर्नाळ्याला कधी जायचं ते विचारलं. कर्नाळा पक्षी अभयारण्य आहे आणि तिथे बंदूक घेऊन जाणाऱ्याला पाहुणचार वेगळा होतो, हे मी सांगितलं. प्राण्यांशी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० पासून आहे, हेही सांगितलं. ही रायफल कागदासाठी आहे, तिला जिवंत वस्तू दाखवायचीही नसते, हे तर मी सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या म्हणालो. “मग घेतली कशाला?” असा सर्वांचा सूर होता, आणि मेंटेनन्सची नोटीस दुसऱ्या दिवशी दारावर होती.

म्हणून रायफल आली त्या संध्याकाळी बायकोने सूत्रं हाती घेतली. गेटवर वॉचमन रजिस्टर घेऊन उभा. मीटरभराहून लांब काळी पेटी, वर दोन कुलुपं. त्याने पेन उचललं आणि विचारलं, काय लिहू? मी खोटं बोलायला तोंड उघडेपर्यंत बायको म्हणाली, “पडद्याचा रॉड.” त्याने तसं लिहिलं, मी सही केली, आणि लिफ्टचं दार उघडलं तर आत तिसऱ्या मजल्यावरच्या काकू.

त्यांनी पेटी पाहिली, पितळी कड्या पाहिल्या, दोन्ही कुलुपं पाहिली. मजला येईपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. उतरता उतरता बायकोच्या कानाशी वाकून म्हणाल्या, “पडदे सिल्कचे लावताय का?”